रेघ, चौकट आणि महाराज

माणसाचा चेहरा तांब्यावर कोरणे हा मोठा उफराटा धंदा आहे. कारागीर टोकदार पोलादी हत्याराने पत्र्यावर रेघा खणतो, त्यांत शाई भरतो, वर ओलसर कागद दाबतो. आणि कागद उचलावा तो डावीकडे पाहणारा माणूस उजवीकडे पाहू लागलेला असतो! रंगाची सोय नाही. गालावरची सावली म्हणजे विरळ रेघा, दाढीचा काळेपणा म्हणजे दाट रेघा. भिवईवरची एक रेघ जरा खोल गेली, की शांत माणूस करारी दिसू लागतो.

व्हॅलेंटाइन या डच धर्मोपदेशकाच्या, १७२४ ते १७२६ या काळात छापलेल्या ग्रंथात शिवाजीमहाराजांचे असे चित्र आहे. महाराज तर १६८० सालीच गेले. तेव्हा कोरणाऱ्याने महाराजांना नव्हे, दुसऱ्या कोणी काढलेल्या चित्राला समोर ठेवले असणार. त्याची एक नक्कल मालवणला आमच्या ओटीवर टांगलेली असे. आजी तिच्याकडे पाहून म्हणायची, "ह्यो पुस्तकातलो म्हाराज. आमचो किल्ल्यात आसा."

तिचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गात, राजाराममहाराजांच्या काळात १६९५ साली बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्याची टोपी आहे. मूर्तिकाराने राजाला दर्यावर्दी माणसांत आणून बसवले आहे. गाभाऱ्याच्या चौकटीतून बाहेर पडलात, की चहूकडे समुद्रच. ग्रंथातल्या पानाला मात्र कडा असते. होड्या, तट, राबणारी माणसे त्या कडेबाहेर राहतात, आणि राजा एकटा उरतो.

चौकटीखालच्या नावाची करामत तर याहून मोठी. इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे चित्र महाराष्ट्रात कित्येक वर्षे महाराजांचे म्हणून पुजले जात होते. चेहरा तोच, रेघा त्याच. पण खाली नाव महाराजांचे, म्हणून लोकांना त्या डोळ्यांत महाराजांचे तेज दिसे! इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतले चित्र उजेडात आणले, तेव्हा कुठे ती समजूत मोडली.

परवा नातीने विचारले, "आजोबा, मग खरे महाराज कुठले?" मी तिला होडीतून किल्ल्यावर नेले. तिथे तटावरच्या घुमटीखाली चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत; परंपरा ते महाराजांचे मानते. ना कोरणारा, ना चौकट. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पण यात तोंड कुठाय?"

पोरीने नेमके बोट ठेवले. तोंड पाहायचे, तर कोणाच्या तरी रेघेवर भरवसा टाकावाच लागतो. तेव्हा भिंतीवरच्या चित्राला हार घालण्यापूर्वी, ही रेघ कोणी ओढली, कशावरून ओढली, आणि चौकटीबाहेर काय राहिले, एवढे विचारावे. मग हार खुशाल घालावा.