हसली, नून आणि ळ

हल्ली दागिन्यांच्या जाहिरातींत एक शब्द सारखा दिसतो, 'स्टेटमेंट ज्वेलरी'. अर्थ असा की अंगावर एकच मोठा, ठसठशीत दागिना घालायचा आणि बाकी सगळं साधं ठेवायचं. सोबत दुसरा शब्द येतो, 'अँटिक'. बहुतेक वेळा ही वस्तू गेल्या महिन्यात साच्यातून निघालेली असते आणि रसायन लावून काळी केलेली असते. चांदी हवेतल्या गंधकानं वर्षानुवर्षं हळूहळू काळवंडते, ते वय आता दहा मिनिटांत मिळतं.

मी या फॅशनची चेष्टा करत नाहीये. उलट मला ती आवडते, कारण तिच्यामुळे कॉलेजातल्या मुली पुन्हा चांदीकडे वळल्या. पण आपल्याकडच्या बायका शंभर वर्षांपूर्वी हेच करत होत्या. माझ्या नानीच्या गळ्यात एकच चांदीची हसली असायची. कानात बाळ्या, हातात मणियाराकडून भरलेल्या काचेच्या बांगड्या, अंगावर सुती साडी. बास. ती दारात उभी राहिली की गल्लीतली पोरं आपोआप आवाज कमी करत. स्टेटमेंट याहून वेगळं काय असतं?

माझा पेशा शिक्षिकेचा. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, आणि सुट्टीत ज्यांना हौस आहे त्यांना उर्दू लिपी. दागिन्यांची डिझाईनं काढणं हा छंद. चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं काढते आणि परवडेल तसं चांदीत किंवा पितळेत करून घेते. पुष्कळ जणी विचारतात, "आपा, हे सुचतं कुठून?" उत्तर सोपं आहे, जुन्यातून. पण जुन्यातून घेणं आणि जुन्याची नक्कल करणं यात फरक आहे. आज त्याविषयीच लिहितेय.

हसलीपासून सुरुवात करते. गळ्याखालच्या आडव्या हाडाला उर्दूत 'हँसली' म्हणतात. त्यावर टेकतो म्हणून दागिन्याचंही तेच नाव. राजस्थान, गुजरात, सिंधपासून दख्खनपर्यंत हा दागिना सापडतो. आकार अगदी साधा. मधे जाड, टोकांकडे निमुळती होत जाणारी एक ताठ कडी. ना खडा, ना मणी. तिची सगळी शोभा त्या जाडीच्या चढउतारात.

नानीची हसली पंचवीस तोळ्यांची होती. ती मी आज दाखवू शकत नाही, कारण माझ्या बी.एड.च्या फीसाठी ती मोडली गेली. अब्बांची नोकरी तेव्हा सुटलेली होती. घरात चर्चा चालली होती की पोरीनं एक वर्ष थांबावं. नानीनं गळ्यातून हसली काढली, अम्मीच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "चांदी फिर आ जाती, उमर नै आती." सराफानं टंच काढला, घट वजा केली, पैसे मोजले. संध्याकाळपर्यंत हसली मुशीत गेली असणार. त्या पैशांवर मी शिकले, त्या शिक्षणावर आजवर घर चालतंय. दागिना म्हणजे बाईची बँक, असं आपण म्हणतो. मी त्या बँकेची खातेदार आहे.

म्हणून डिझाईन करायला बसले तेव्हा पहिली इच्छा हसली परत आणायची होती. आठवणीतून काढायला गेले तर जमेना. घरात तिचा फोटो एकच, आणि त्यात निम्मी हसली पदराखाली. मग मी दुसऱ्या हसल्या बघत फिरले. ओळखीच्या सराफाकडे मोडीत आलेले दागिने वितळवण्याआधी बघू द्यायची विनंती केली. जत्रेत, लग्नात म्हाताऱ्या बायकांच्या गळ्याकडे बघत राहायचे. एका आजीनं तर विचारलं, "काय गं, पैलवानासारखी मान काय मोजतीस?" मग हसत काढून हातात दिली.

हातात घेतल्यावर कळलं की फोटोवरून दागिना समजत नाही. वजन कुठं पडतं, टोकं मानेला टोचू नयेत म्हणून कशी वळवलीत, आतली बाजू वापरून कशी गुळगुळीत झालीय, हे बोटांनाच कळतं. पंचवीस तोळे आज माझ्या मानेला झेपणार नाहीत, खिशालाही नाहीत. शिवाय मी स्कार्फ बांधते. मागं धातूची कडी आली की कापड अडकतं. म्हणून मी समोरचा जाड भाग तेवढा ठेवला, तोही आतून पोकळ. मागच्या बाजूला रेशमी गोफ आणि गोंडा. हे काम पटवेगारांचं. दागिने रेशमात गुंफणारी, गोंडे करणारी ही आपल्याकडची जुनी मुस्लिम जमात. आता आडनाव उरलंय, काम करणारे हात कमी. माझी हसली सहा तोळ्यांत बसली. ती नानीची हसली नाही, पण तिच्या घराण्यातली आहे.

तिला खालून एक ओळ लोंबती आहे, जवमण्यांची. ती कोल्हापुरी साजातून घेतली. साज तुम्ही पाहिला असेल. परंपरेनं त्यात एकवीस पानं असतात. त्यांत दशावतार, अष्टमंगल आणि शेवटी ताईत. दोन पानांच्या मधे जवाच्या दाण्यासारखे मणी. अवतारांची पानं ज्यांच्या श्रद्धेची आहेत त्यांच्या गळ्यात शोभतात, मी ती सजावट म्हणून उचलत नाही. जव मात्र धान्य आहे. त्याची भाकरी सगळ्यांच्या घरात झालीय. काय घ्यायचं आणि काय आदरानं जागच्या जागी ठेवायचं, हे ठरवणं हाही डिझाईनचाच भाग आहे, असं मला वाटतं.

जुने दागिने बघता बघता भाषेच्या शिक्षिकेला आणखी एक खजिना सापडतो, तो शब्दांचा. 'सराफ' अरबी, 'बाजूबंद' फारसी, साजातला 'ताईत' म्हणजे अरबी 'तावीज'. आणि पुतळ्यांच्या माळेची गोष्ट तर ऐकण्यासारखी. व्हेनिसचं सोन्याचं नाणं व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर येई. त्यावर एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला उभा येशू. माणसांच्या त्या आकृत्यांवरून त्याला आपल्याकडे 'पुतळी' म्हणत. सोनं चोख म्हणून बायका ती नाणी गळ्यात ओवत. मग इथल्या सोनारांनी तशीच नाणी दागिन्यांसाठी बनवली, लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या. पुढे पुतळीवर लक्ष्मी आली. एका माळेत केवढा प्रवास! दागिना कुणा एकाचा असतो असं म्हणणाऱ्यानं ही माळ जरूर बघावी.

अक्षरांचं म्हणाल तर मोगल काळात रत्नांवर नावं आणि मजकूर कोरण्याची मोठी परंपरा होती. हिजरी 1107, म्हणजे इसवी 1695-96 असं साल कोरलेला एक पाचू आहे, वजन 217.80 कॅरेट. 2001 मध्ये लंडनला त्याचा लिलाव झाला. दगड दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाच्या खाणीतला, कोरीवकाम हिंदुस्थानातलं. एका अंगाला फुलं, दुसऱ्या अंगाला बारा इमामांची नावं असलेला दुरूद. साल औरंगजेबाच्या काळातलं, मजकूर शिया, म्हणून तो दख्खनमधल्या कुणा सरदाराचा असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. असं काही माझ्या वाट्याला येणार नाही, त्याची हौसही नाही. पण त्याच्या फोटोनं माझ्या डोक्यात एक प्रश्न सोडला. अक्षरच दागिना झालं तर?

इथं जपून पाऊल टाकावं लागतं. रसूलुल्लाह (स.) यांची अंगठी चांदीची होती, तिच्यावर तीन ओळींत नाव कोरलेलं होतं, आणि ती पत्रांवर शिक्का उमटवायला होती. आमच्या घरी अल्लाहचं नाव असलेली वस्तू अंगावर घालून कुठंही जाऊ नये, ही शिस्त. म्हणून मी पवित्र नावांपासून लांब राहिले आणि नुसत्या अक्षरांकडे आले. उर्दूचा 'नून' डोळ्यांसमोर आणा. चंद्रकोरीसारखी वाटी आणि मधे वर एक नुक्ता. हीच तर चाँदबाली! कारागिराला आकार समजावायला मला एक मिनिट लागलं नाही. वाटी चांदीची, नुक्त्याच्या जागी एक लाल अकीक.

दुसरी जोडी मराठीची केली, 'ळ'ची. उर्दू वर्णमालेत ळ नाही. माझी मुलं पहिल्या वर्षी 'शाळा'ला 'शाला' म्हणतात आणि 'बाळ'चा 'बाल' करतात. ळ म्हणजे शेजारी शेजारी दोन वेटोळी. एकाच तारेतून, कुठंही न तोडता वळवता येतात. ती कानात घालून वर्गात गेले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, "मिस, तुमच्या कानात ळ आहे!" आणि ळ अगदी स्वच्छ म्हणाली.

आणखी एक गोष्ट जुन्या कामातून शिकले. कुंदनाच्या चांगल्या दागिन्यांची पाठ बघा. तिथं मीनाकारी असते, पानं, फुलं, हिरवा-लाल रंग. ही बाजू लोकांना दिसत नाही. ती घालणारीच्या अंगाला लागून असते. दिखाव्याच्या वस्तूतही घालणारीसाठी राखून ठेवलेली एक जागा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक डिझाईनच्या पाठीवर काहीतरी असतं. माझ्या हसलीच्या आतल्या बाजूला नानीचं वाक्य कोरलंय, तिच्या दखनीत.

काही जणी मला जकातीचं विचारतात. हनफी मतानुसार अंगावरच्या सोन्याचांदीच्या दागिन्यांवरही जकात आहे. आपल्या कोकणातली शाफई मंडळी नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर ती लागू मानत नाहीत. मी हनफी. दरवर्षी सगळं तराजूत टाकते, निसाब बघते आणि अडीच टक्के काढते. हा हिशेब मला जड वाटत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक दागिना हातात घेऊन तो कुठून आला ते आठवायला लागतं, मालकी आपली असली तरी सगळं आपलं नाही हेही आठवतं.

तेव्हा माझी एक विनंती आहे. घरातला जुना दागिना मोडू नका, असं मी सांगणार नाही. मीच एका मोडलेल्या हसलीवर उभी आहे. शिक्षण, दवाखाना, घर, यासाठी तो मोडावा लागला तर खुशाल मोडा, तो त्यासाठीच आहे. पण सराफाकडे नेण्याआधी अर्धा तास काढा. समोरून आणि पाठीमागून फोटो घ्या. वजन लिहा. कागदावर ठेवून पेन्सिलीनं कड गिरवा. फासा कसा आहे, कडी कशी लागते ते बघा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, याला तुम्ही काय म्हणायचा? ते नाव तिच्याच उच्चारात लिहून ठेवा. चांदी फिरून येते. नाव विचारायला ती बाई मात्र नेहमी असेलच असं नाही.