वाड्याऐवजी तांबट आळी

पुणे

चि. ताईस,

शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलांना पुण्यातील एखाद्या ऐतिहासिक स्थळी न्यावे, आणि जुनी कारागिरी त्यांनी नुसती पाहण्याऐवजी तिच्यावर स्वतः हात चालवून पाहावा, हा तुझा बेत उत्तम आहे. मात्र त्यासाठी तू विश्रामबाग वाडा निवडला आहेस, त्या निवडीचा फेरविचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

विश्रामबाग वाडा पाहण्याजोगा आहे यात वाद नाही. दुसऱ्या बाजीरावाने बांधवलेल्या आणि 1808 च्या सुमारास पूर्ण झालेल्या या वाड्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब आणि दर्शनी सज्जा हीच सुतारकामाची मोठी शाळा आहे. पेशवाई बुडाल्यावर 1821 मध्ये येथे संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज उभे राहिले, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. परंतु वाडा हे गिऱ्हाइकाचे घर होते, कारागिराचे नव्हे. कारागीर तेथे बोलावला की येई आणि काम आटोपले की निघून जाई. शिवाय 1879 च्या आगीत या वाड्याचा काही भाग जळालेला असल्याने लाकडी चौकात कोणी भट्टी पेटवू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मग प्रात्यक्षिकाला बसवलेल्या तांबटापुढे हातोडा तेवढा उरतो आणि मुले दहा मिनिटे ठकठक ऐकून पुढच्या दालनात जातात. भट्टी नसलेले तांबटकाम हे अर्धेही तांबटकाम नव्हे.

कारागिराचे घर पाहायचे तर कसबा पेठेत जावे. शनिवारवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेली तांबट आळी ही तांबटांची, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती होय. हे बहुतेक त्वष्टा कासार समाजाचे लोक. पेशवाईच्या काळात त्यांचे पूर्वज कोकणातून पुण्यात आले, असे परंपरा सांगते. पहिल्या बाजीरावाने 1730 मध्ये शनिवारवाड्याचे काम सुरू केले आणि पुणे सत्तेचे केंद्र झाले, तेव्हा सरदारांच्या मुदपाकखान्यांना, देवळांना आणि लष्कराला धातूची भांडी नि साहित्य लागू लागले. अशा मागणीमागून कारागीर येणार, हे ओघानेच आले. त्यांची कुलदेवता कालिका. तिचे देऊळ आळीतच आहे. घराची पद्धतही जुनी, म्हणजे तळमजल्यावर कामाची जागा आणि वर बिऱ्हाड अशी, त्यामुळे हातोड्याचा नाद पाळण्यातल्या पोरालाही परका नसे.

येथे मुख्य शिकण्यासारखी गोष्ट आहे ती मठाराची. मठार म्हणजे भांडे घडून झाल्यावर त्याच्या पृष्ठभागावर गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने ओळीने, एकाशेजारी एक दिलेले ठोके. या ठोक्यांनी उमटलेल्या लहान लहान चपट्या पैलूंवर उजेड खेळतो, म्हणून लोक मठाराला नक्षी समजतात. वस्तुतः ती मजबुतीची क्रिया आहे. तांबे थंड असताना ठोकले की त्याच्यातील स्फटिककणांची रचना विस्कटते, कणांचे थर एकमेकांवरून सहज सरकेनासे होतात आणि धातू ठोक्यागणिक कडक होत जातो. घडाईच्या मध्येच तो असा कडक झाला आणि तसाच ठोकत राहिले तर चीर पडते. म्हणून तांबट भांडे भट्टीत घालून लालसर होईपर्यंत तापवतो, म्हणजे विस्कटलेली रचना पुन्हा जुळून धातू मऊ पडतो. पोलाद लाल असताना पाण्यात बुडवले तर ते अधिक कडक होते, तांब्याचे तसे होत नाही. उलट पाण्यात बुडवल्याने वरची काळी पापुद्री सुटते आणि चिंचेसारख्या आंबट पदार्थाने घासल्यावर गुलाबी तांबे वर येते. तापवणे आणि ठोकणे यांची ही आवर्तने संपली, आकार पूर्ण झाला, की शेवटचा मठार मात्र थंड भांड्यावरच द्यायचा आणि त्यानंतर ते पुन्हा भट्टीत घालायचे नाही, कारण त्या वेळी कडकपणाच हवा असतो. पातळ पत्र्याचे घंगाळ, म्हणजे अंघोळीच्या पाण्याचे पसरट कडीदार भांडे, बादल्यांनी पाणी भरूनही वाकत नाही ते यामुळे.

हे सारे फळ्यावर सांगून कळणारे नाही, पण हाताला लगेच कळते. मुलांना भांडे घडवायला देऊ नये. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटावर भांडे फिरवीत, ओळ न चुकवता ठोके देण्याला वर्षानुवर्षांची सवय लागते आणि तासाभरात आपण मठार शिकलो असा समज घेऊन मूल घरी जाणे हे काहीच न शिकण्यापेक्षा वाईट. त्याऐवजी प्रत्येकाला तळहाताएवढा पत्रा द्यावा. तो आधी हाताने वाकवून पाहावा, मग बराच वेळ ठोकून वाकवावा, त्यानंतर तांबटाने तो भट्टीतून काढून थंड करून दिल्यावर पुन्हा वाकवावा. तिन्ही वेळचा फरक बोटांना जाणवला की एवढ्या खटाटोपाचे कारण मुलांना उमजेल.

मुलांच्या हातून तासाभरात काहीतरी पुरे व्हावे असा आग्रहच असेल, तर त्याला हातकागद बरा. शिवाजीनगरची हातकागद संस्था गांधीजींच्या प्रेरणेने 1940 मध्ये सुरू झाली. सुती चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवून जाळीच्या चौकटीवर उचलला की एका उचलण्यात कागद बनतो, आणि पहिल्या खेपेस तो वेडावाकडा आला तरी कागदच असतो. तांब्याला ही सवलत नाही.

कल्हई हा पुन्हा वेगळा धंदा, पण तोही त्याच दिवशी दाखवावा. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटीसारखा आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणजे धातूशी क्रिया होऊन चव व रंग बिघडतो आणि पोटाला बाधतो. म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथिलाचा पातळ मुलामा देतात, तीच कल्हई. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकताच पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा मळ निघतो; कथिल 232 अंश सेल्सिअसलाच वितळत असल्याने भांड्याला कांडी टेकवली की ते पाझरते आणि कापसाच्या बोळ्याने एका हातात सगळीकडे फिरवता येते. मुलांना धुरापासून दूर, वाऱ्याच्या बाजूस उभे करावे.

आळीची आजची स्थिती मुलांपासून लपवू नये. स्टेनलेस स्टील आले, मग गॅसचे आणि विजेचे गिझर आले, आणि बंब, म्हणजे मध्यभागी जाळाची नळी असलेला, तोटीचा पाणी तापवण्याचा तांब्याचा उंच पिंप, न्हाणीघरातून उठून हॉटेलांच्या दिवाणखान्यात फुले ठेवायला गेला. आता पुष्कळ भांड्यांचा आकार यंत्रावर निघतो आणि हाताचे काम मुख्यतः मठारापुरते उरले आहे. वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने तांबटांबरोबर नव्या घाटाच्या वस्तूंचे काम केले, त्याने काही हातांना काम मिळाले, हे खरे. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची, म्हणजे तिकडच्या तांबटांची कारागिरी 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. कसब्यातली आळी तशा कोणत्याही यादीवाचून अजून चालू आहे. मान जरूर मिळावा. पण कौतुकाच्या पाटीने भट्टीचा कोळसा येत नाही, तो गिऱ्हाइकाच्या पैशाने येतो.

तेव्हा बेत असा करावा: आळी अरुंद असल्याने दहा-दहा मुलांच्या तुकड्या कराव्या, आधी जाऊन तांबटाला सोयीची वेळ विचारावी, आणि त्याच्या मोडलेल्या कामाच्या वेळेचे पैसे शाळेने ठरवून द्यावे. प्रत्येक मुलाने घरातले पोचा पडलेले किंवा कल्हई उडालेले एक भांडे बरोबर न्यावे, ते दुरुस्तीला टाकावे आणि मजुरीत घासाघीस करू नये.



मामाचे आशीर्वाद