दिव्यावरचा बर्फ

आपल्या वसईकर माणसाचा बर्फाशी संबंध येतो तो बहुधा मासळीच्या खोक्यापुरता. लादी आणावी, फोडावी, पापलेट-सुरमईवर पसरावी. बर्फ हा आपला नोकर. तोच बर्फ माणसांचा धनी झालेला मी पाहिला तो कॅनडातील ऑण्टेरिओ प्रांतात, भाच्याकडे एक हिवाळा काढला तेव्हा. भाचा तेथे रस्त्यावरचा बर्फ हटवणारा ट्रक चालवतो. ट्रकच्या पुढे लोखंडाचे भलेमोठे वाकडे पाते असते. इंग्रजीत ह्या यंत्राला जो शब्द आहे, तोच आपल्या शेतातल्या नांगरालाही आहे; त्यामुळे माझी बहीण गावात कौतुकाने सांगते, "पोरगा आजोबांसारखा नांगरच धरतो!" ह्या नांगराची तिला नीट कल्पना नाही, हे एका परीने बरेच आहे. कारण त्याला मोठा धोका असतो तो पाठीमागून.

रस्ता साफ करायचा तर सावकाश जावे लागते. महामार्गावर इतर गाड्या ताशी शंभर किलोमीटरने धावत असताना हा ट्रक चाळीसच्या आसपास चालतो. म्हणून तेथील नियमानुसार त्यावर निळा लुकलुकणारा दिवा असतो, आणि तो १५० मीटरवरून दिसला पाहिजे. जन्मभर गणित शिकवल्यामुळे मी हिशेब करून पाहिला. वेगातला फरक ताशी साठ किलोमीटर धरला, तर हे १५० मीटर नऊ सेकंदांत संपतात. निसरड्या रस्त्यावर नऊ सेकंद म्हणजे फार नव्हेत, पण शहाण्या माणसाला काहीतरी करता येते. तोच दिवा तीस मीटरवर आल्यावर दिसला, तर दोन सेकंदही उरत नाहीत.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आम्ही निघालो ते अशाच एका ट्रकच्या मागून. भाचा स्वतः त्या रात्री दुसऱ्या रस्त्यावर कामावर होता. गाडी भाचेसून चालवीत होती. पुढच्या ट्रकचा निळा दिवा सुरुवातीला चांगला लखलखत होता. मग तो धूसर झाला, मग नुसती निळसर झाक उरली, आणि अखेर ट्रक म्हणजे पांढऱ्यात मिसळलेला एक पांढरा ढिगारा झाला. नातवंडे "पुढे काढ ना" म्हणून कटकट करीत होती. भाचेसून एक शब्द न बोलता आणखी मागे राहिली.

ह्याचे कारण भाच्याने मला त्यांच्या आवारात नेऊन दाखवले. ट्रकची पाठ असते सपाट. ट्रक धावू लागला की तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो व हवा भोवऱ्यासारखी फिरू लागते. पात्याने उडवलेला बर्फाचा भुगा आणि चाकांनी उडवलेले मिठाचे पाणी त्या भोवऱ्यात ओढले जाते आणि ट्रकच्याच पाठीवर थापले जाते. तापमान शून्य अंशाच्या आसपास असले म्हणजे बर्फ ओलसर असतो आणि ओल्या चुन्यासारखा चिकटतो. पहाटे परतलेल्या ट्रकांचे मागचे दिवे कोठे आहेत, हे माहीतगारालाच सापडावे!

जुन्या हॅलोजनच्या दिव्यांत एक दोष होता. त्यांना दिलेल्या विजेपैकी थोडीच प्रकाशाच्या कामी येई. बाकीची उष्णता होऊन वाया जाई. पण ती 'वाया' गेलेली उष्णता काचेवरचा बर्फ वितळवीत असे. मग एलईडी आले. वीज कमी, चमक अधिक, आयुष्य कितीतरी मोठे. उष्णता त्यांच्यातही निर्माण होते, परंतु ती मागच्या धातूकडे जाते आणि समोरचे भिंग थंडच राहते. चौकांतल्या सिग्नलांचेही असेच झाले. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एप्रिल २००९ मध्ये बर्फाने झाकलेला लाल सिग्नल एका चालकाला दिसला नाही, आणि हिरव्या दिव्यावर वळणाऱ्या एका तरुण स्त्रीचा प्राण गेला. म्हणून जुने दिवे परत आणावेत, असे मी म्हणणार नाही. विजेचे बिल मीही भरतो.

उपाय नाहीत असे नाही. ट्रकच्या पाठीवर वारा वळवणारे पत्रे लावतात, म्हणजे भोवरा दिव्यापासून दूर राहतो. दिवे उंच बसवतात. भिंगात केसासारखी तार घालून ते थंडीत आपोआप तापेल अशी सोय असलेले दिवेही मिळतात. न्यूयॉर्क राज्यातील रेन्सेलिअर पॉलिटेक्निक संस्थेच्या प्रकाश-संशोधकांनी २००१ च्या सुमारास आणखी एक गोष्ट दाखवून दिली. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो खरा, पण आपण ट्रकच्या किती वेगाने जवळ जात आहोत हे स्थिर जळणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्यांवरून अधिक लवकर समजते. अर्थात पट्ट्यांवरही बर्फ बसतोच. शेवटी कोणीतरी खाली उतरून पुसावे लागते.

आणि इथेच माझ्या मनात सल आहे. भाचा पूर्वी ज्या कंत्राटदाराकडे होता, तेथे ट्रक कोठे व किती वेळ उभा राहिला याची नोंद यंत्रावर होई. "मामा, दिवे पुसायला चार मिनिटं लागतात. पण त्या चार मिनिटांचा जाब द्यावा लागायचा," तो म्हणाला. एका जानेवारीच्या रात्री त्याच्या ट्रकवर मागून एक मोटार आदळली. ट्रकला पोचा आला. मोटारीतला तरुण कित्येक महिने इस्पितळात होता. कंत्राटदाराच्या माणसाने विचारले, "दिवा चालू होता ना?" होता. तसे लिहिले गेले आणि कागद मिटला. तो दिसत होता का, हे कोणी विचारले नाही. मला हा प्रश्न चार मिनिटांच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा वाटतो. दिवे पुसणे हा कामात आलेला खंड नव्हे. ते कामच आहे, आणि त्याची मजुरी मिळाली पाहिजे.

आपल्या कितीतरी घरांतली मुले आज टोराँटो-मिसिसॉगाकडे स्थायिक झाली आहेत. फोनवर जेवणखाणाची चौकशी होते, तेव्हा एवढेही सांगावे: रस्त्यावर बर्फाचा ढग चालताना दिसला तर त्यात ट्रक आहे असे समजा, निळा दिवा दिसो वा न दिसो. दोन-तीन ट्रक तिरक्या रांगेत चालत असतील, तर त्यांच्यामधून वाट काढू नका. मागचा रस्ता साफ असतो, तिथेच राहा.

भाच्याने आता नोकरी बदलली आहे. नव्या ठिकाणी काही ट्रकांना तापणारे दिवे बसवले आहेत. त्याच्या ट्रकला अजून नाहीत. मात्र फेरीच्या टोकाला थांबून दिवे पुसण्याची मुभा आहे. लांब दांड्याचा मऊ ब्रश भाचेसुनेने स्वतः आणून दिला. मागच्या पावसाळ्यात फोन केला, तेव्हा त्याचे केस झडले म्हणून ती दुसरा शोधत होती.