नाशिकचे लंडन

मराठी साहित्यात लंडन दोन प्रकारे भेटते. एक लंडन पाहायला आलेल्याचे, दुसरे तेथे काही कामासाठी बिऱ्हाड केलेल्याचे. पु. ल. देशपांडे गेले होते दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी. परंतु ‘अपूर्वाई’त (१९६०) रमलेला दिसतो तो प्रवासी, आणि मराठी मध्यमवर्गाच्या मनात लंडन वसवले ते त्या प्रवाशाने. दुसरे लंडन त्याहून जुने आहे. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ सालचा, तर १९०६ पासून सावरकर मुंबईच्या ‘विहारी’ला लंडनहून बातमीपत्रे धाडत होते. प्रवासवर्णन शिकवताना पहिल्या लंडनवर तास रंगतो. दुसरे लंडन मात्र चरित्र, इतिहास, राजकारण अशा निरनिराळ्या कप्प्यांत विखुरलेले राहते.

आम्ही दोघे नाशिकला मराठी शिकवतो. गेल्या उन्हाळी सुट्टीत लंडनला गेलो ते एका यात्राकंपनीबरोबर, म्हणजे निखळ पर्यटक म्हणूनच. राजवाडा, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे हे सारे यादीनुसार पाहून झाले. टॉवरमधल्या राजमुकुटांपुढे सरकता पट्टा आहे. त्यावर उभे राहायचे, पट्टा नेईल तसे कोहिनूरसमोरून जायचे. पर्यटनाचे याहून नेमके रूपक सापडणे कठीण. पाहणे घडते, थांबणे घडत नाही. यात्रेत एक दिवस मोकळा होता, तो आम्ही थांबण्यासाठी राखून ठेवला.

आर्चवे स्थानकातून बाहेर पडले की हायगेटची चढण लागते. तेथे क्रॉमवेल अव्हेन्यूवर ६५ क्रमांकाचे लाल विटांचे घर आहे. १ जुलै १९०५ रोजी श्यामजी कृष्णवर्मांनी उघडलेले ‘इंडिया हाऊस’ ते हेच. भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ साली येथे राहायला आले. मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद येथे झाला. १८५७ वरील ग्रंथही त्यांनी लंडनमध्येच इंडिया ऑफिसचे कागद वाचून लिहिला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीवर १९०९ साली प्रसिद्धीपूर्वीच बंदी आली. आज भिंतीवर १९८५ साली बसवलेली गोल निळी पाटी आहे, तीत सावरकरांना देशभक्त आणि तत्त्वज्ञ म्हटले आहे. आत लोक राहतात, तेव्हा पाहायचे ते रस्त्यावरूनच.

या रस्त्यावर उभ्या असलेल्या नाशिककराला विजयानंद नाट्यगृह आठवल्यावाचून राहत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी तेथे ‘शारदा’चा प्रयोग होता. त्या रात्री अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते लंडनहून धाडलेल्या पिस्तुलांपैकी होते. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याला फाशी झाली. सावरकरांना त्याआधीच, १३ मार्चला, लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली होती. मारले गेलेले जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी जमवलेल्या लोकसाहित्याच्या सामग्रीवरून एन्थोव्हेन यांनी पुढे गुजरात व कोकणच्या लोककथा-लोकाचारांचे खंड सिद्ध केले. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ते अजूनही उघडावे लागतात. विद्वत्ता आणि सत्ता एकाच माणसात नांदत असतील, तर त्याचे ऋण मानावे की त्याच्या अंमलाचा हिशेब मागावा, हा प्रश्न त्या चढणीवर आमच्याबरोबर होता. उतरतानाही तो सुटलेला नव्हता.

भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन कॅम्डन टाऊनला दुभंगते. एक फाटा आर्चवे-हायगेटकडे जातो, दुसऱ्या फाट्यावर लगेच चॉक फार्म लागते. तेथून किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पायी गाठता येते. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातली प्राध्यापकी सोडून, स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर १९२० साली लंडनला परतलेले डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर बसायचे आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचायचे, असा क्रम होता. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ही वास्तू विकत घेतली. तेथे संग्रहालय चालवण्यास कॅम्डनच्या नगरपरिषदेने परवानगी नाकारली होती. ती २०२० मध्ये अपिलात मिळाली. आता कोणीही आत जाऊ शकतो. आम्ही गेलो, पुस्तकांच्या कपाटांपुढे बराच वेळ उभे राहिलो.

या दोघांचे लंडन एकच नव्हते, आणि ते एक करून दाखवण्याचा आमचा हेतूही नाही. दोघेही ग्रेज इनमध्ये कायदा शिकले. सावरकरांना परीक्षा होऊनही बॅरिस्टरीची सनद नाकारण्यात आली, आंबेडकर बॅरिस्टर होऊन परतले. एकाच्या लेखी लंडन हे शत्रूचे घर होते आणि त्या घरातल्याच दप्तरांतून त्याचा इतिहास उलटा वाचायचा होता. दुसऱ्याला त्या शहराच्या ग्रंथालयात अशी जागा मिळाली, जेथे बसण्यापूर्वी कोणी जात विचारत नव्हते. मायदेशातले चित्र निराळे होते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आंबेडकर लंडनच्या गोलमेज परिषदेत बसले होते आणि इकडे पंचवटीतले दार बंदच होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली.

आमच्या शहरात या दोन नावांच्या मिरवणुका वेगळ्या निघतात, झेंडे वेगळे असतात, आणि वर्गातली मुले बहुधा एकाच नावाचे वाचून आलेली असतात. दोघांना एका तासात आणणे म्हणजे दोघांना समान ठरवणे, असा गैरसमज दोन्हीकडे आहे. वास्तविक मतभेद समजून घ्यायलाही दोन्ही पुस्तके टेबलावर असावी लागतात. म्हणून या सत्रात प्रवासवर्णन शिकवताना आम्ही ‘अपूर्वाई’च्या शेजारी ती बातमीपत्रे ठेवली, आणि किंग हेन्रीज रोडची छायाचित्रेही दाखवली. प्रवासी काय पाहतो याइतकेच, त्याला कोठे थांबू दिले जाते, हेही वाचायचे असते, असे सांगितले.

छायाचित्रे पाहून झाल्यावर येवल्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने एवढेच विचारले, ‘‘सर, तिथं आत जाताना कुणी आडनाव विचारलं नाही ना?’’

आम्ही ‘नाही’ म्हणालो. पुढचा तास त्या प्रश्नावरच झाला.