थोडी हवा सोडा, गाडी सुटेल

जैसलमेरहून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटर गेले की सम गाव लागते. डिसेंबरची संध्याकाळ, रस्त्याच्या कडेला वाळूच्या टेकड्या आणि मागच्या सीटवरून मुलांचा हट्ट, "बाबा, इथेच थांबू या ना!" फोटोसाठी तुम्ही गाडी डांबरी रस्त्यावरून जेमतेम दहा पावले खाली घेता आणि पुढची चाके रुततात.

अशा वेळी पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो आणि तिथेच घोटाळा होतो. जागच्या जागी फिरणारे चाक वाळू उपसते, गाडीचे पोट वाळूला टेकते. मग चौघांनी ढकलूनही ती हलत नाही.

म्हणून आधी थांबा. सगळ्यांना खाली उतरवा. चाकांजवळची आणि गाडीखालची वाळू बाजूला करा. मग चारही टायरमधली थोडी हवा सोडा. ऐकायला उलटे वाटेल, पण उंटाचा पाय आठवा. तो पसरट असतो, म्हणून वाळूत रुतत नाही. ३२ पीएसआय हवा १८ ते २० वर आणली की टायर पसरतो आणि गाडीचा भार जास्त जागेवर विभागला जातो. आता स्टिअरिंग सरळ ठेवा आणि आलात त्याच चाकोरीतून हलक्या पायाने रिव्हर्स घ्या. बहुतेकदा गाडी सुटते.

पण आता अंधार पडतोय, हॉटेल ४० किलोमीटरवर आहे आणि टायरमध्ये हवा कमी. तसेच वेगात निघालात तर टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात, टायर फुटू शकतो. या भीतीनेच अनेक जण हवा सोडत नाहीत आणि गाडी आणखी खोल घालवतात.

डिकीत छोटा एअर कॉम्प्रेसर असेल, तर ही भीती उरत नाही. इंजिन चालू ठेवून तो गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढी हवा भरा. एका टायरला काही मिनिटे लागतात. दोन टायर झाले की कॉम्प्रेसर थोडा थंड होऊ द्या. तोवर मुलांना वाळवंटातले तारे दाखवा. सकाळी टायर थंड असताना हवा पुन्हा तपासा.

सहलीला निघण्यापूर्वी घरीच एकदा कॉम्प्रेसर लावून पाहा. त्याची वायर आणि पाइप मागच्या चाकापर्यंत पोहोचतात का, हे आधी कळलेले बरे. सोबत हवा मोजायचा गेज आणि एक छोटे फावडेही ठेवा.

आणि हो, टेकड्यांवर फिरायची हौस उंटावरून किंवा तिथल्या जीपमधून भागवा. आपली गाडी डांबरावरच शोभते!