चि. मेडिकेअर हिस

चि. मेडिकेअर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझा जन्म ३० जुलै १९६५चा आणि माझा १९६०च्या श्रावणातला. मी पाच वर्षांनी थोरली, म्हणून ‘चि.’ घातलं आणि म्हणूनच अगंतुगं करते आहे. राग मानू नकोस. आमच्याकडे सर्व क्षेम. इथे अमेरिकेत, एडिसनला, परसातल्या मेथीचा शेवटचा वाफा निघाला, मिरच्या अजून लागताहेत. कळवण्यासारखी मोठी बातमी एकच, जुलैत तुझं कार्ड टपालानं आलं.

पत्त्यातल्या पानाएवढा जाडसर कागद. निळी पट्टी, तांबडी पट्टी, अकरा अक्षर-आकड्यांचा नंबर आणि वर माझं नाव. हे म्हणाले, “प्लॅस्टिकमध्ये घालून आणू का?” मी म्हटलं, राहू दे, थोडा वेळ असंच हातात धरू दे. दुसऱ्यांची अशी कार्डं मी अठ्ठावीस वर्षं हाताळली. स्वतःचं पहिल्यांदाच.

हे पत्र तिकडे सातारा-सांगलीकडेही वाचलं जाईल, म्हणून तुझी ओळख सांगते. अमेरिकेत पगारातून निदान दहा वर्षं तुझा कर कापून गेला असेल, तर पासष्टाव्या वर्षी माणसाच्या दवाखान्याचा बराचसा भार सरकार उचलतं. ती व्यवस्था म्हणजे तू. सगळ्यांचा पैसा एका ठिकाणी जमावा आणि सगळ्यांची बिलं तिथूनच चुकती व्हावीत, असं म्हणणारे लोक इथे तुझंच नाव पुढे करतात. जॉन कॉनयर्स यांनी २००३ मध्ये तसं विधेयक मांडलं, बर्नी सँडर्स यांनी २०१७ मध्ये, चेन्नईत जन्मलेल्या प्रमिला जयपाल यांनी २०१९ मध्ये. ‘मेडिकेअर सगळ्यांना’ ही त्यांची मागणी, आणि माझंही या पत्रात तेच मागणं आहे. पण आधी आभार मानते, मग भांडते.

एका लहानशा दवाखान्यात मी १९९७पासून बिलिंगला होते. डॉक्टर आत रुग्ण तपासायचे, मी बाहेर त्याचे कागद तपासायची. विमा कुणाचा, आमचे डॉक्टर त्यांच्या नेटवर्कमध्ये आहेत का, को-पे, म्हणजे दर खेपेला रुग्णानं भरायची रक्कम, किती, डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः सोसायचा खर्च, भरून झालं का, या तपासणीला आधी परवानगी काढावी लागते का. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी आणि एकाच कंपनीच्या दहा योजनांच्या दहा तऱ्हा. फोन लावून पाऊण तास रिसीव्हर मानेशी दाबून धरायचा आणि शेवटी पलीकडून ऐकायचं की क्लेम नामंजूर, कारण लेखी कळवू. आम्ही आठ-नऊ जण कामाला होतो, त्यातल्या दोघींचा दिवस निव्वळ यातच जायचा.

तुझं तसं नव्हतं. तुझे नियम छापलेले आणि सगळ्यांना सारखे. कागद नीट भरला की दोन-तीन आठवड्यांत पैसे जमा. तू कमी देतेस ही आमच्या डॉक्टरांची तक्रार होती आणि ती खरीही होती. पण तू किती देणार आणि कधी देणार, हे मला छातीठोकपणे सांगता यायचं. पासष्टीपुढचा रुग्ण खिडकीशी आला की माझा जीव भांड्यात पडायचा. त्याबद्दल तुझे मनापासून आभार. महिनाअखेरीला आमचं दुकान चालायचं ते पुष्कळदा तुझ्या जिवावर.

आता तक्रार. तू फार उशिरा येतेस.

२००६ सालची गोष्ट. सुतारकाम करणारे एक गृहस्थ आमच्याकडे यायचे, विमा नसलेले. संडासवाटे रक्त जात होतं. डॉक्टरांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायला सांगितली. ते चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीशी आले आणि खर्च विचारला. मी आकडा सांगितला. काउंटरवर हात ठेवून ते बोटांची पेरं मोजू लागले. नखात लाकडाचा भुसा अडकलेला होता. “फेब्रुवारीत मला पासष्ट पुरी होतात. चौदा महिने राहिले. तेवढं थांबलं तर चालेल का?” हे त्यांनी मला विचारलं, बिलं करणाऱ्या बाईला. मी म्हटलं, थांबू नका. पण पैसे कुठून आणायचे, ते मला सांगता आलं नाही. ते सोळा महिन्यांनी परत आले, तुझं कोरं कार्ड घेऊन. तोवर गाठ यकृतापर्यंत पोहोचली होती.

त्यानंतर ओबामांचा २०१०चा आरोग्य विम्याचा कायदा आला आणि पुष्कळांचे हाल कमी झाले, हे मी खिडकीत बसून पाहिलं. तरी २०२३ मध्ये इथे दोन कोटी साठ लाखांवर माणसं विम्यावाचून होती. आणि फुप्फुसाच्या, आतड्याच्या, स्तनाच्या कर्करोगाची निदानं नेमक्या पासष्टाव्या वर्षी एकदम वाढतात, असं स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं. रोग काही वाढदिवस बघून होत नाही. माणसं तुझी वाट पाहत अंगावर काढतात. आमच्या मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या रांगेतही साठीपुढचे लोक एकमेकांना विचारतात, “किती राहिले?” ते तुझ्यापर्यंतचे महिने असतात.

माझंही ऐक. २००९च्या मंदीत ह्यांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर घरच्यांचा आरोग्य विमाही गेला. इथला विमा साहेबाच्या हातात असतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारनं पगार गोठवले तेव्हा कामगार टिकवायला कारखानदारांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. तात्पुरती केलेली ती सोय कायमची होऊन बसली. माझा दवाखाना लहान, तिथे कुणालाच विमा नव्हता. जुनाच विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, पण सगळा हप्ता स्वतः भरायचा, वर दोन टक्के. तो आकडा आमच्या घराच्या हप्त्याला टेकत होता. आम्ही चार महिने भरला आणि सोडला. लेक पंधरा वर्षांची, दम्याची. तिच्या इन्हेलरच्या पाठीवर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. ती झोपली की मी तो दिव्याखाली धरून बघायची. एके रात्री आकडा दोन दिवस तोच असल्याचं लक्षात आलं. सकाळी ती म्हणाली, “आई, लागलाच नाही.” लागत होता. रात्रभर तिच्या छातीची शिट्टी मला भिंतीपलीकडून ऐकू येत होती.

तेव्हा तू कुठे होतीस, असं विचारणार होते. पण तुझं लहानपण आठवलं की बोलवत नाही. तुझ्याही जन्माआधी काय कमी झालं? राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४५ मध्येच सगळ्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा मागितला होता. डॉक्टरांच्या संघटनेनं तो समाजवाद ठरवून हाणून पाडला. मग निदान म्हाताऱ्यांपुरतं तरी करू, असं ठरलं, तर १९६१ मध्ये त्याविरुद्ध रोनाल्ड रेगन यांच्या भाषणाची ध्वनिमुद्रिका निघाली. डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीला बोलावून ती लावायच्या आणि खासदारांना पत्रं लिहायला सांगायच्या. तरी तू जन्मलीस. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मुद्दाम मिझुरीतल्या इंडिपेन्डन्सला गेले, म्हाताऱ्या ट्रूमनसमोर सही केली आणि पुढे तुझं पहिलं कार्डही त्यांच्याच हातात दिलं.

आणि वर्षाच्या आत तू जे केलंस, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. दक्षिणेतल्या रुग्णालयांत काळ्यांचे वॉर्ड वेगळे असत, काही ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवत. १९६४चा नागरी हक्कांचा कायदा होऊनही फारसं हललं नव्हतं. तू सांगितलंस, माझे पैसे हवे असतील तर सगळे एका वॉर्डात. हजाराच्या वर रुग्णालयांनी चारएक महिन्यांत भिंती काढल्या. पैसे देणारा एक असला की काय होतं, याची याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही.

दुसरी साक्ष १९७१ची. शेप ग्लेझर नावाचे मूत्रपिंडं निकामी झालेले गृहस्थ वॉशिंग्टनला खासदारांच्या समितीपुढे गेले आणि तिथेच, खासदारांच्या डोळ्यांदेखत, त्यांचं डायलिसिस झालं. रक्त नळीतून बाहेर जाऊन नळीतून परत येताना त्या लोकांनी पाहिलं. पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, कायदा झाला. तेव्हापासून मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला तू वय विचारत नाहीस. त्यानं, नवऱ्या-बायकोनं किंवा आई-बापानं थोडाफार कर भरलेला असला की झालं. आमच्याकडे तेवीस वर्षांची एक मुलगी तुझं कार्ड घेऊन यायची. दंडावरची फुगलेली शीर झाकायला भर जुलैतही लांब बाह्या घालायची. बिलाची काळजी तिनं कधी केली नाही.

म्हणून मला तुझा हिशेब कळत नाही, पोरी. मूत्रपिंडाला वय नाही, तर मग आतड्याला का? दम्याला का? त्या सुताराचं मूत्रपिंड बिघडलं असतं, तर तू त्रेसष्टाव्या वर्षीच त्याच्या दाराशी गेली असतीस.

आता विरोधकांचं म्हणणं. ते खोटं नाही, म्हणून टाळणार नाही. व्हरमाँट राज्यानं २०११ मध्ये सगळ्यांसाठी एकच व्यवस्था करायचा कायदा केला. गव्हर्नर पीटर शमलिन यांचा त्यावर जीव होता, पण हिशेब मांडला तेव्हा मालकांवर पगाराच्या साडेअकरा टक्के आणि कुटुंबांवर उत्पन्नाच्या साडेनऊ टक्क्यांपर्यंत कर बसणार होता. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनीच ते सोडून दिलं. कॅनडातली माझी मावसबहीण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्षाच्या वर थांबली. जिना बसून उतरायची. खासगी कंपन्या रुग्णालयांना तुझ्या दुपटीहून जास्त दर देतात. उद्या सगळेच तुझ्या दरावर आले तर खेड्यातली रुग्णालयं तगतील का, ही भीतीही खरी आहे. दर वाढवून द्यावे लागतील, आणि करही वाढेल. तो वाढणार नाही असं सांगणाऱ्यांनी आपल्याच बाजूचं नुकसान केलं आहे.

पण कर नाही म्हणून आज भरत नाही का? नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२४ मध्ये साडेपंचवीस हजार डॉलरांच्या वर गेला. त्यातला मोठा वाटा मालक भरतो असं म्हणतात, पण तो येतो पगारवाढीतूनच. पगाराच्या चिठ्ठीवर त्यापुढे ‘कर’ लिहिलेलं नसतं, इतकंच. आणि त्या बहिणीला मी विचारलं होतं, इकडची पद्धत घेशील का? ती म्हणाली, “गुडघ्यासाठी थांबले गं, पण छातीत दुखलं त्या रात्री कुणी कार्डाखेरीज काही मागितलं नाही.”

थोडं रागावतेही. तू पासष्टीनंतर येतेस, तीही पुरती येत नाहीस. डॉक्टरच्या बिलाचा पाचवा हिस्सा आमच्यावर ठेवतेस. महिन्याला हप्ताही घेतेस, २०२५ मध्ये तो १८५ डॉलर होता. दात, चष्मा, कानाचं यंत्र, म्हातारपणी जे लागतं नेमकं तेच तुझ्या यादीत नाही. आणि निम्म्याहून जास्त माणसं तू खासगी कंपन्यांच्या ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजनांकडे जाऊ दिलीस. तिथे पुन्हा नेटवर्क, पुन्हा परवानग्या, पुन्हा ते फोनवरचं संगीत. शेवटच्या वर्षांत तुझ्याच माणसांसाठी मी तुझ्याशी सोडून इतरांशी भांडत होते. हे मला लागलं.

मागणं असं. एकदम सगळ्यांना घे, असा हट्ट मी धरत नाही, घेतलंस तर आनंदच आहे. पण दोन्ही टोकांनी सुरुवात कर. वरून साठीपर्यंत खाली ये, आणि खालून या वर्षी जन्मणारं प्रत्येक मूल घे, आणि ते मोठं होईल तशी त्याच्याबरोबर राहा. लेक आता एकतीस वर्षांची आहे. चित्रांची कामं घेते, मालक नाही, त्यामुळे दरवर्षी नोव्हेंबरात विमा शोधत बसते. मधल्यांना तोवर कसं सांभाळायचं ते तू आणि संसदेतली शहाणी माणसं बघा. मूत्रपिंडाच्या वेळी जमलं होतं.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
बिलिंगच्या खिडकीतली बाई

ता. क. – लेक परवा आली होती. इन्हेलर टेबलावर विसरून गेली. आकडा पाहिला, एकशे चार होता. उद्याच्या टपालानं पाठवते आहे.