वाहाकाचा पाटा

मेक्सिकोतील वाहाका शहरी गेलात, तर पारंपरिक चॉकलेटच्या कार्यशाळेत अवश्य बसावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांना बाहेर बाकावर बसवून ठेवू नये. मी नेमके तेच करणार होतो. आई ८१ वर्षांची, मधुमेही. मनगटाच्या अस्थिभंगानंतर उजवा हात तिने वापरणेच जवळजवळ सोडले होते.

तेथे कोकोच्या बिया तव्यावर भाजतात, सोलतात आणि ‘मेताते’वर वाटतात. मेताते म्हणजे तीन पायांचा, उतरता पाटाच. खाली निखारे ठेवून तो तापवला, की बियांतील स्निग्धांश वितळतो आणि भुकटीचा चकचकीत लगदा होतो. गुडघे टेकून वाटणे आईला शक्य नव्हते. (गुडघे कुरकुरणाऱ्यांनी तो हट्ट धरूही नये.) तिने बियांची टोपली पुढे ओढली. अर्धा तास ती टरफले काढीत होती, दोन्ही हातांनी. महिनोन्‌महिने माझ्या सांगण्याने न झालेला व्यायाम!

साखर तेथे सढळ हाताने पडते; म्हणून तिच्यापुरता गोळा आधीच वेगळा काढला, त्यात केवळ दालचिनी घातली आणि रवीसारख्या लाकडी ‘मोलिनियो’ने गरम पाण्यात घुसळला. घोट घेऊन आई म्हणाली, “कडू आहे रे. पण वाटण बारीक झालंय.”